घोड्याची वाट कोण राखतो?

माथेरानहून परतलेला अकोल्याचा माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो: कपड्यांवर बसलेली तांबडी धूळ आणि दस्तुरी नाक्यावर घोडेवाल्याशी घातलेली हुज्जत. घोड्यावर बसून कसं वाटलं, हे फारसं कुणी सांगत नाही. तिथं घोडा हौसेपेक्षा गरजेचा. गाडी नाक्यावर थांबते. पुढं पायी चाला, नाहीतर घोडा करा.

महाराष्ट्रात घोडेस्वारी परत येते आहे, असं गेली काही वर्षं वारंवार छापून येतं. सारंगखेड्याच्या यात्रेतले पांढरेशुभ्र घोडे पहिल्या पानावर झळकतात. भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळते. आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीचं सुवर्णपदक येतं आणि त्या चमूत एक मुंबईकर असतो. या सगळ्याला पुनरुज्जीवन म्हणायचं का, हा या लेखाचा विषय. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे वाचकाला भांडायला बरं पडेल. घोडा अभिमानावर जगत नाही. कुणीतरी त्याची वाट राखून ठेवलेली असते तिथंच तो जगतो. ती वाट कुठं समुद्रानं राखली, कुठं सरकारी नियमानं, तर कुठं मेंढरांनी. आमच्या वऱ्हाडात ती कुणीच राखली नाही.

आणि वऱ्हाडाइतका घोड्यांच्या टापांखाली गेलेला मुलूख महाराष्ट्रात कमीच असेल. सिंदखेडराजाचे लखुजी जाधवराव निजामशाहीतले बडे सरदार. अशा सरदाराचं वजन त्याच्या पागेवर ठरे. किती स्वार घेऊन तो दरबारात उभा राहतो, हाच त्याच्या मोठेपणाचा हिशेब. १७२० साली बाळापूरजवळ निजामुल्मुल्कानं आलम अलीखानाचा पराभव केला, तेव्हा आलम अलीच्या बाजूनं मराठ्यांचे स्वार लढत होते. चार वर्षांनी साखरखेर्ड्याला पुन्हा लढाई झाली, आणि तीत निजामाची दख्खनेतली गादी पक्की झाली. पुढं नागपूरकर रघुजी भोसल्यांचे बारगीर १७४० च्या दशकात थेट बंगालवर जाऊन धडकले आणि दहाएक वर्षं त्यांनी तो प्रांत हैराण केला.

बारगीर आणि शिलेदार यांतला भेद इथं सांगायला हवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ त्यात आहे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. शिलेदाराचा घोडा मेला तर घर बुडालं. बारगिराचा मेला तर पागेतून दुसरा मिळायचा, पण तो माणूस कायम नोकरच. घोड्याचा धोका कुणी उचलायचा, हा प्रश्न तेव्हाही होता. आज माथेरानच्या घोडेवाल्याला विचारा, तो हेच बोलेल. फक्त त्याच्यामागं पागा नाही.

वऱ्हाडातली शेवटची मोठी मैदानी लढाई अडगावची. तेल्हारा तालुक्यात हिवरखेडच्या वाटेवर आज शांत पडलेलं हे गाव. १८०३ च्या नोव्हेंबरअखेर आर्थर वेलस्लीनं इथं भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. भोसल्यांकडे स्वारांची कमतरता नव्हती. पण तोफांपुढं स्वारांची फळी टिकली नाही. संध्याकाळी लढाई संपली आणि इंग्रजांच्या घोडदळानं चांदण्याच्या उजेडात मैलोन्‌मैल पाठलाग केला. पंधरवड्यात गाविलगड पडला, डिसेंबरमध्ये देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. पुढं वाटर्लूला नेपोलियनला हरवणारा हाच माणूस त्या मोहिमेत आमच्या अकोल्यालाही मुक्कामाला होता. मोर्णाकाठच्या असदगडाकडे बघताना ही गोष्ट आठवणारे अकोलेकर आता थोडेच.

त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट १८५३ ची. निजामानं हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज पोसायची आणि तिचा खर्च द्यायचा, असं ठरलेलं होतं. पैसे थकले. मग २१ मे १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली देण्यात आला, त्याच्या उत्पन्नातून निदान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने यांचा पगार भागावा म्हणून. म्हणजे आपला सगळा प्रांत फौजेच्या पगारासाठी गहाण पडला, आणि त्या पगारातला मोठा वाटा घोड्यांच्या चंदी-वैरणीचा. कंटिंजंटची एक छावणी एलिचपूरला होती. त्या छावणीभोवतीच आजचं परतवाडा वाढलं. १९०२ च्या करारानं वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे गेला आणि कंटिंजंट भारतीय सैन्यात विरून गेली. तिच्या घोडदळाची वारस असलेली ‘डेक्कन हॉर्स’ रेजिमेंट आजही आहे. १९६५ च्या युद्धात असल उत्तरच्या लढाईत ती होती, पण रणगाड्यांवर.

इतकं सगळं होऊनही घोडा वऱ्हाडी माणसाच्या घरात शिरला नाही. तो स्वाराचा राहिला, शेतकऱ्याचा झाला नाही. कारण पायाखाली आहे. आमची काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात अशी धरते की पाऊल उचलवत नाही, आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. दोन्ही ऋतूंत घोड्याचा पाय मोडायला हे पुरेसं. बैल मात्र याच चिखलाचा. घाईच्या प्रवासाला वऱ्हाडात रेंगी आणि दमणी होती. गवळाऊ जातीचे बैल चालीला इतके चलाख की भोसल्यांच्या फौजेनंही ते वापरले. रेल्वे येण्याआधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जात असे. १८४२ साली एका व्यापाऱ्यानं एक लाख बैलांची ओझी कलकत्त्याकडे धाडल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात सापडते. आकडा फुगवलेला वाटला तरी हा मुलूख कुणाच्या पाठीवर चालत होता ते त्यातून कळतं. जुन्या शहरात पोळा चौक आहे, तो उगाच नाही.

१८६७ साली जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. अकोला त्याच वाटेवर. रेल्वेनं घोड्याला शहरात शेवटचं एक काम दिलं: स्टेशनापासून वस्तीपर्यंतचा टांगा. स्टेशन एका टोकाला आणि जुनं शहर मोर्णेपलीकडे, त्यामुळं टांग्याला बरं गिऱ्हाईक होतं. त्यावर नालबंद जगले, खोगीर-लगाम शिवणारे मोची जगले, गवताच्या पेंढ्या विकणाऱ्या बाया जगल्या. मग ऑटोरिक्षा आली आणि टांगा गेला. टांगा गेल्याचं दुःख करणाऱ्यांत मी नाही. डांबरी रस्त्यावर दुपारच्या पंचेचाळीस अंशांत घोडा उभा ठेवणं ही काही संस्कृती नव्हे. पण टांग्याबरोबर नालबंदही गेला. नालबंद गेला की घोडा पाळणं ही गोष्ट शहरातून उठलीच. ज्याला नाल ठोकायला पन्नास कोस जावं लागतं, तो घोडा ठेवीत नाही.

आज अकोल्यात घोडा दिसतो तो दोन वेळा. एक लग्नसराईत, नवरदेवाला घेऊन डीजेच्या भिंतीपुढं कान पाडून उभा असलेला. आणि दुसरा शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा, दिंडीबरोबर चालणारा. पालखीतला घोडा हा वेगळाच प्रकार आहे. आळंदीच्या सोहळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व चालत येतात. त्यांतल्या एका अश्वावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. रिंगणात तो धावतो तेव्हा टापांखालची माती कपाळाला लावायला लोक तुटून पडतात. घोड्याची वाट श्रद्धेनं कशी राखली जाते याचं याहून चांगलं उदाहरण नाही. मात्र त्या वाटेवर घोडे मोजके लागतात, आणि तेही वर्षातून एकदाच.

पोटापाण्याची वाट राखली गेल्याची उदाहरणं बघायची तर बेटांकडे वळावं लागतं. अमेरिकेत ह्युरॉन सरोवरात मॅकिनॅक नावाचं बेट आहे. १८९८ साली तिथल्या गावानं मोटारींना बंदी घातली, कारण मोटारींच्या आवाजानं गाड्यांचे घोडे बिथरत होते. म्हणजे बंदी घोडेवाल्यांच्या सोयीसाठी झाली. निसर्गप्रेम त्यात नंतर आलं. ती बंदी आजतागायत आहे. बेटाला वळसा घालणारा आठ मैलांचा रस्ता राज्य महामार्ग आहे, पण त्यावर मोटार चालत नाही. बेटावर कायमची वस्ती पाचएकशे माणसांची, आणि उन्हाळ्यात घोडे जवळजवळ तितकेच किंवा जास्त. गंमत अशी की हे घोडे फक्त पर्यटकांना फिरवीत नाहीत. हॉटेलांचा माल, टपालाची खोकी, गावचा कचरा, सगळं तेच ओढतात. हिवाळ्यात काम संपलं की बहुतेकांना होडीनं मुख्य भूमीवर चरायला धाडतात. २०१९ साली अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष तिथं मोटारींचा ताफा घेऊन उतरले तर केवढा गहजब झाला. आपल्याकडे मंत्र्याच्या ताफ्याला कुठलं बेट अडवील, सांगा.

उलटं उदाहरण इस्तंबूलजवळच्या अदालार बेटांचं. तिथंही मोटारींना मनाई आणि घोड्यांच्या फेटन गाड्या प्रसिद्ध. पण घोड्यांची निगा कुणी बघत नव्हतं. चढावर घोडे कोसळत, मरत, आणि नवे येत. २०१९ च्या डिसेंबरात ग्लँडर्स हा रोग निघाला, अनेक घोडे मारावे लागले, आणि २०२० साली फेटन कायमच्या बंद झाल्या. त्या जागी विजेवरच्या गाड्या धावू लागल्या. वाट राखलेली होती, पण तिच्यावर चालणाऱ्या जनावराकडे लक्ष नव्हतं. मुंबईच्या व्हिक्टोरियाही अशाच गेल्या. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं त्या बेकायदा ठरवल्या, आणि पुढं विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या.

आता माथेरान. महाराष्ट्राला समुद्रातलं घोड्यांचं बेट नाही. आपलं बेट डोंगरमाथ्यावर आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढले आणि मुंबईच्या गोऱ्या साहेबांना व पारशी शेटजींना उन्हाळ्याची जागा मिळाली. नेरळहून वर यायचं ते तट्टावरून, नाहीतर पालखीतून. १९०७ साली आदमजी पीरभॉय घराण्यानं एकवीस किलोमीटरची छोटी रेल्वे वर नेली, तरी डोंगरावर मोटार येऊ द्यायची नाही ही चाल कायम राहिली. २००३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं आणि या चालीला कायद्याचं बळ मिळालं.

या बंदीच्या आडोशाला सुमारे ४६० परवान्याचे घोडे जगत आले. पर्यटकांना पॉइंट दाखवणारे वेगळे, माल वाहणारे वेगळे. गॅसची सिलिंडरं, भाजीच्या पाट्या, सिमेंटच्या गोण्या, हॉटेलांची किराण्याची खोकी हे सगळं दस्तुरीपासून आत नेण्याचं काम घोड्यांनी आणि हातगाड्यांनी केलं. मॅकिनॅकशी साम्य इथं आहे. घोड्याला मालवाहतुकीचं रोजचं काम असलं तर तो पावसाळ्यातही खाऊ शकतो. फक्त फेरीवर जगणारा घोडा जून ते सप्टेंबर मालकाच्या डोक्यावर बसतो. रेल्वे बंद पडली की घोड्यांना बरे दिवस येत. २००५ च्या जुलैतल्या पावसानं रूळ वाहून गेले, २०१६ मध्ये डबे घसरल्यानं गाडी थांबली, २०१९ च्या पावसानं पुन्हा मार्ग उखडला आणि ती पूर्ण धावायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला.

घोडेवाल्यांना माथेरानमध्ये अश्वपाल म्हणतात. त्यांतले बरेच स्वतःच्या घोड्याचे मालक, म्हणजे जुन्या भाषेत शिलेदार. घोडा लंगडला तर घरची चूल थंड. म्हणून ई-रिक्षा येणार म्हणताच त्यांनी विरोध केला, यात नवल नाही. पण ई-रिक्षा आली ती घोडेवाल्यांना मारायला नव्हे. ती आली माणसानं माणसाला ओढायची हातरिक्षा थांबवायला. माथेरानमध्ये अशा ९४ परवान्याच्या हातरिक्षा होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, पुढं त्यांची संख्या वीसवर बांधली गेली आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्यायच्या असं ठरलं. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं सहा महिन्यांत हातरिक्षा पूर्ण बंद करण्याचा आदेश दिला. गवई आमच्या अमरावतीचे, म्हणून हा निकाल इकडे जरा अधिक आपुलकीनं वाचला गेला. तो योग्यच होता. स्वातंत्र्याला अठ्ठ्याहत्तर वर्षं झाल्यावर माणसानं जनावराचं काम करावं, याला कुठलंही पर्यटन समर्थन देऊ शकत नाही.

घोड्याचा प्रश्न मात्र या निकालानं सुटला नाही, उलट उघडा पडला. वृद्ध, आजारी आणि शाळकरी मुलं यांना ई-रिक्षा हवीच. पण तिची संख्या वाढत गेली तर दस्तुरी ते बाजार हा घोड्याचा हमखास पल्ला जाईल, आणि मग पॉइंटच्या फेऱ्या तेवढ्या उरतील. दुसरं, अश्वपालांनीही आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. दस्तुरी नाक्यावर पर्यटकांना ‘गाडी बंद आहे, रिक्षा नाही’ असं सांगून जादा दरानं घोडे गळ्यात मारले जातात, या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२५ च्या मार्चमध्ये माथेरानकरांनीच बेमुदत बंद पुकारला. मुंबईच्या सुटीवर जगणाऱ्या गावानं आपली दुकानं आपणच बंद करावीत, हे लहान गाऱ्हाणं नव्हे. दरफलक, रांग आणि क्रमांक या तीन साध्या गोष्टी नीट पाळल्या असत्या तर घोड्याविषयी लोकांच्या मनात इतकी अढी बसली नसती. राखलेल्या वाटेवर मक्तेदारी चालवली की वाट राखणाऱ्यांचंच मन फिरतं.

तिसरी गोष्ट रस्त्याची. क्ले पेव्हर ब्लॉक बसवायचे की तांबडी माती ठेवायची, हा वाद माथेरानमध्ये वर्षानुवर्षं न्यायालयात फिरत राहिला. मातीच्या रस्त्याची धूळ होते, पावसात ती वाहून जाते. ब्लॉकवर नाल मारलेला घोडा घसरतो. घोड्याला मऊ माती हवी, रिक्षाच्या चाकाला सपाट ब्लॉक. एका वाटेवर दोघांना बसवायचं तर अर्धी वाट मातीची आणि अर्धी ब्लॉकची, याखेरीज मार्ग दिसत नाही. यात अवघड काही नाही, फक्त रुंदी लागते आणि दुकानदार मागं सरकायला लागतो.

आता ज्याला पुनरुज्जीवन म्हणतात त्याकडे येऊ. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, दत्तजयंतीला. तिचा घोडेबाजार जुना. गेल्या दशकात ‘चेतक महोत्सव’ असं नाव देऊन राज्य पर्यटनानं तिला तंबू, दिवे आणि फोटो दिले. बाजारात फिरलं तर घोड्याची पारख किती सूक्ष्म असते ते कळतं. रंग आधी: नुकरा, अबलख, कुमेत, पंचकल्याणी. मग भोवरे. कपाळावरचा भोवरा शुभ, एखाद्या जागचा अशुभ, आणि अशुभ भोवऱ्यानं चांगल्या जनावराची किंमत निम्म्यावर. मग रवाल चाल: पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तरी हिंदकळू नये अशी. गिऱ्हाईक मात्र बहुतेक दोन प्रकारचं. लग्नाच्या वरातीसाठी नुकरा घेणारा, आणि बंगल्यासमोर बांधायला मारवाडी किंवा काठेवाडी घेणारा पुढारी अथवा बिल्डर. स्वार होण्यासाठी घोडा घेणारा यात विरळा. नाच शिकवलेल्या घोड्याला मागणी जास्त, आणि तो नाच शिकवताना जनावराला काय सोसावं लागतं ते बाजारात कुणी विचारत नाही. महोत्सवाला माझा विरोध नाही. पण त्याला घोडेस्वारीचं पुनरुज्जीवन म्हणणं म्हणजे सराफ्याच्या गर्दीवरून शेती सुधारली असं म्हणण्यासारखं आहे. माळेगावच्या खंडोबाची यात्रा मला त्यामानानं खरी वाटते; तिथं घोड्याशेजारी गाढव आणि उंटही विकायला असतात, म्हणजे जनावर अजून कामाचं आहे.

भीमथडीची गोष्ट याहून मोलाची. भीमा आणि नीरेच्या खोऱ्यातला हा बुटका, काटक घोडा. अरबी आणि तुर्की घोड्यांचं रक्त देशी तट्टांत मिसळून तो घडला असं मानतात. मराठ्यांची धाव याच जनावरावर होती. इंग्रजांनी मोठ्या उंचीचे घोडे आणले आणि भीमथडी हळूहळू कागदावरून पुसला गेला. २०२४ च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद जाहीर केली; देशातली घोड्यांची ही आठवी नोंदलेली जात. आता प्रश्न असा की दोनशे वर्षं तो जगला कुठं? कुठल्या सरदाराच्या पागेत नाही. तो जगला धनगरांच्या वाड्याबरोबर. पुढं मेंढ्यांचा कळप, मागं घोड्याच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड: भांडी, वाघर, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू आणि कधीकधी पोरही. खानदेशाकडचे मेंढपाळ उन्हाळ्यात वऱ्हाडात उतरतात आणि शेतकरी खतासाठी त्यांच्या मेंढ्या रानात बसवून घेतात, तेव्हा हे घोडे आमच्याही बांधावर बांधलेले दिसतात. आपण त्यांच्याकडे घोडा म्हणून बघतच नाही. पण मराठ्यांच्या घोड्याची परंपरा कुणी टिकवली, असं विचारलं तर उत्तर त्या बांधावर आहे. मेंढपाळांना चराईचे रस्ते आणि वनखात्याची नड सोडवून द्या. भीमथडी आपोआप वाढेल. नुसत्या प्रमाणपत्रानं वाढणार नाही.

खेळाच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघानं सुवर्ण जिंकलं. १९८२ नंतर एक्केचाळीस वर्षांनी घोडेस्वारीतलं सोनं. चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण ही मुलं युरोपात राहून, युरोपातल्या घोड्यांवर तयार झाली. ती वाट फार पैशाची आहे आणि तिच्यावरून आपल्याकडच्या तट्टाचं काही भलं होईल असं मला वाटत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आपले देशी खेळ दाखवले होते, त्या वऱ्हाडी जिद्दीला साजेसं काही करायचं तर ते स्वस्तात आणि देशी जनावरावर करावं लागेल.

एकूण चित्र मात्र उतरणीचं आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाख होती. २०१९ मध्ये ती सुमारे तीन लाख चाळीस हजारांवर आली. सात वर्षांत निम्म्याच्या आसपास घट. बाकी पाळीव जनावरांत गाढवं आणि खेचरं सोडली तर इतकी पडझड क्वचितच. फोटोत घोडे वाढले आणि गोठ्यात कमी झाले, ते याच काळात.

रोगाचा मुद्दा वाचकाला कंटाळवाणा वाटेल, पण तो टाळून घोड्यावर लिहिणं हा अप्रामाणिकपणा ठरेल. ग्लँडर्स हा घोडा, खेचर आणि गाढव यांचा संसर्गजन्य रोग. माणसालाही होतो, आणि त्यावर लस नाही. यासाठीचा जुना कायदा थेट १८९९ सालचा होता. २००६ साली महाराष्ट्रात तो निघाला तेव्हा पाचगणीसारख्या पर्यटनाच्या जागीही घोडे सापडले होते. रोगी घोडा मारावा लागतो. भरपाई ठरलेली आहे, पण ती जनावराच्या बाजारभावापुढं इतकी तोकडी की मालक रोग लपवतो. मालकानं लपवू नये असं वाटत असेल तर भरपाई वाढवावी लागेल. उपदेशानं हे होत नाही. तपासणीचं मुख्य केंद्र हरियाणात हिसारला. आपल्या अकोल्यात मात्र पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. वीटभट्ट्यांवरच्या गाढवांपासून वरातीच्या घोड्यापर्यंत सगळ्या जनावरांचे रक्तनमुने वर्षातून एकदा घेऊन पाठवणं तिला अशक्य नाही.

हे सगळं मी अकोल्यात बसून का लिहितो आहे? कारण आता चिखलदऱ्याची पाळी आहे. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सननं हे ठिकाण शोधलं, म्हणजे ते माथेरानहून सत्तावीस वर्षांनी थोरलं. सिडकोनं तिथं काचेच्या आकाशपुलाचं काम हाती घेतलं आहे. तो झाला की गर्दी वाढेल आणि गर्दीमागं घोडे येतील. वरातीचा हंगाम संपल्यावर उपाशी राहणारे घोडे पॉइंटवर उभे राहतील, कारण मालकाला दुसरा धंदाच नाही. भोवती मेळघाटचं वाघाचं जंगल आहे, त्यामुळं घोड्याला फिरायला मोकळं रान मिळणार नाही. सगळं गाड्यांच्याच रस्त्यावर होईल. मोटार, घोडा आणि सेल्फी एकाच वळणावर आले की काय होतं ते महाबळेश्वरला आणि माथेरानच्या नाक्यावर दिसतं.

म्हणून चिखलदरा नगरपरिषदेला माझी विनंती आहे, आणि ती गर्दी येण्याआधीची आहे. देवी पॉइंट ते भीमकुंड अशा एखाद्या टप्प्यावर ठराविक वेळी मोटारींना मनाई करून ती वाट घोड्याला द्या. परवाने मोजके, दरफलक ठळक, घोड्याच्या पाठीवरचं वजन ठरवलेलं, पावसाळ्यात काम मिळेल अशी मालवाहतूक त्यांच्याकडेच. परवाना देताना प्रत्येक जनावराचं हिसारचं प्रमाणपत्र मागा. आणि परतवाड्यात एक नालबंद बसवा. त्याला पहिली दोन वर्षं पगार द्यावा लागला तरी द्या. हे जमणार नसेल तर चिखलदऱ्यात घोड्यांना परवाने देऊच नयेत.